विमान उडतंच राहणार, डावावरून उठवणार कोण?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. यावल तालुक्यातला सत्तावीस वर्षांचा तरुण आहे. केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब आणि गाड्यांचं काम पाहतो, पगार १८ हजार. दीड वर्षापासून मोबाइलवर ते विमान उडण्याचा पैशांचा खेळ खेळतोय. तो लिहितो, "रोज पाचशेच्या वर जायचं नाही असं ठरवतो, पण आठवड्यातून तीन-चार दिवस ते मोडतंच. ऑटो कॅशआउट दीडवर लावून शिस्तीत खेळलो तर नियंत्रण राहील का? दोनदा गाडीभाड्याचे पैसे वापरले, पण दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे ठेवले. बायकोला यातलं काही माहीत नाही. ती आखाजीला माहेरी जाणार आहे, परत आली की सांगेन म्हणतो." (आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.)

भाऊ, मी एकोणीस वर्षं जळगावात व्यसनमुक्तीचं काम करतो. आधी समोरच्या खुर्चीत बहुतेक दारूवालाच असायचा, मधूनच एखादा आकडा लावणारा. आता पंचविशीतली पोरं येतात. तोंडाला वास नाही, कपडे नीट, नोकरीही चालू. घरच्यांना महिनोन् महिने पत्ता लागत नाही, कारण दिसत काहीच नाही. तुम्ही तरी स्वतःहून विचारलंत. बहुतेकांना भाऊ नाहीतर सासरा ओढून आणतो, तेही सोनं गहाण पडल्यावर.

तुम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून आधी हिशेबच करू.

हा खेळ २०१९ च्या सुमारास 'एव्हिएटर' या नावाने गाजला, नंतर त्याच्या नकला निघाल्या. कुठे विमान, कुठे रॉकेट, आतलं यंत्र एकच. आकडा १ पासून चढत जातो, तो तुटायच्या आत पैसे काढायचे. मूळ खेळाचा जाहीर परतावा ९७ टक्के आहे. ऐकायला भरघोस वाटतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक डावावर शेकडा तीन कट्टी, म्हणजे कपात. कापसाच्या काट्यावर क्विंटलमागे तीन किलो कट्टी कापली तर शेतकरी भांडतो, पण तो कापूस एकदाच मोजला जातो. इथे तोच कापूस परत परत काट्यावर चढतो. तेवीस वेळा मोजा, सरासरीने निम्मा उरतो.

आता तुमचं दीडचं ऑटो कॅशआउट, म्हणजे आकडा दीडवर पोहोचला की पैसे आपोआप निघतात ती सोय. विमान दीड पटीपर्यंत पोहोचण्याची शक्यता ०.९७ भागिले १.५, म्हणजे शंभरातले साधारण ६५ डाव. शंभर रुपये लावले तर त्या ६५ डावांत पन्नास-पन्नास मिळतात आणि उरलेल्या ३५ मध्ये शंभर-शंभर जातात. गोळाबेरीज केली की डावामागे तीन रुपये तोटा. दीडऐवजी १.१ लावा, तोटा तीन रुपये. दहावर लावा, तीन रुपये. शंभर पटीची वाट पाहत बसा, तरी तीनच. कुठेही काढा, कट्टी बदलत नाही. बदलतं ते फक्त पैसे जाण्याचं सोंग. खालच्या आकड्याला रोज थोडं थोडं जिंकल्यासारखं वाटतं आणि मधूनच मोठा खड्डा पडतो. मला हे खालचे आकडेच जास्त घातक वाटतात. शंभरातले ६५ डाव जिंकणाऱ्या माणसाला आपण हरतोय हे कळणार कसं?

तीन रुपये किरकोळ वाटतात ना? एका डावाला सरासरी वीस सेकंद धरा. तासाला १८० डाव. शंभराप्रमाणे १८ हजारांची उलाढाल, म्हणजे एका तासात तुमचा महिन्याचा पगार काट्यावरून फिरून आला. त्यावर कट्टी ५४० रुपये. तुमची रोजची पाचशेची मर्यादा हा सरासरीने तासाभराचा खेळ आहे, आणि ही नुसती सरासरी. एखाद्या वाईट रात्री ते पाचशे पाच मिनिटांत संपतात.

'हरलं की दुप्पट लावायचं, एकदा आलं की सगळं वसूल' हा मंत्र तुम्ही विचारलेला नाही, पण आज ना उद्या कुणीतरी सांगेलच. दोन पटीवर खेळताना शंभरापासून दुप्पट करत गेलात आणि सलग आठ डाव पडले, तर २५ हजार ५०० गेले. सलग आठ पडणं दुर्मीळ वाटतं. पण तीनशे डावांत, म्हणजे पावणेदोन तासांत, असं एकदा तरी होण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे.

आणि तो गुलाबी आकडा. दहा पटीच्या वरचा आकडा स्क्रीनच्या वरच्या पट्टीत गुलाबी दिसतो, दोनच्या खालचे निळे. पोरं ती पट्टी अशी वाचतात जसे त्यांचे आजोबा आकड्याचा चार्ट वाचायचे. 'वीस डाव झाले, गुलाबी आला नाही, आता येणारच.' गुलाबीची शक्यता प्रत्येक डावाला शंभरात दहाच्या आतबाहेर, आधी वीस कोरडे गेले असोत की दोन. मागचा डाव पुढच्याला ओळखत नाही. टेलिग्रामवर हजार-दोन हजार घेऊन 'पुढचा आकडा सांगणारं ॲप' विकतात, ती निव्वळ फसवणूक आहे. डाव सुरू होतानाच तो कुठे तुटणार ते ठरलेलं असतं. तुम्ही बटण लवकर दाबा की उशिरा, विमानाला त्याचा पत्ताही नसतो. मूळ खेळात डाव नंतर बदलला नाही हे तपासायची सोय असते, आणि लोक तिलाच 'खेळ प्रामाणिक आहे' याचा दाखला समजतात. डाव बदलला नाही, मान्य. पण कट्टी त्या प्रामाणिक काट्यातच बसवलेली आहे. लिंकवरून उतरवलेल्या नकली ॲपवर तर काटा, वजनं आणि काटेवाला तिन्ही त्यांचेच.

हिशेब झाला. पण हिशेब कळला म्हणून सुटलेला माणूस मी क्वचितच पाहिलाय. माझ्याकडे बँकेत काम करणारे आले, गणिताचे शिक्षक आले.

तुम्ही आखाजीचा उल्लेख केलात म्हणून एक सांगतो. लहानपणी आईबरोबर मीही आखाजीला मामाच्या गावी जायचो. बाया-पोरी झोक्यावर, गाणी चाललेली, आणि पुरुष नीमाखाली घोंगडी टाकून झन्नामन्ना खेळत बसलेले. आखाजीचे पत्ते खान्देशात कोणाला नवीन नाहीत. मामाही बसायचा. बसण्याआधी घड्याळ आणि पाकीट मामीकडे द्यायचा आणि बंडीच्या खिशात चार घड्या घातलेल्या नोटा ठेवायचा. त्या संपल्या की उठायचा. मला वाटायचं, मामा काय निग्रहाचा माणूस आहे! मोठेपणी कळलं की निग्रह त्याचा नव्हता. पाकीट मामीकडे होतं. पत्ते पिसायला वेळ लागायचा, चहा यायचा, अंधार पडला की पानं दिसायची नाहीत. समोरचा चुलता म्हणायचा, 'तुना आज दिवस नही भो.' आणि दोन-दोनदा ओट्यावरून हाक यायची, "बस झाये आते, जेवाले चाला!" तिसऱ्या दिवशी घोंगडी उचलली जायची ती पुढच्या आखाजीपर्यंत. मी पत्त्यांची तरफदारी करत नाही. त्या घोंगडीवर बैलजोडी गेलेली घरंही मला माहीत आहेत. पण तिथे उठवायला दहा गोष्टी होत्या. तुमच्या मोबाइलवर त्यातली एकही ठेवलेली नाही. डाव वीस सेकंदांत, पैसे दिसत नाहीत, अंधार पडत नाही, आखाजी बारा महिने.

म्हणून तुमची पाचशेची मर्यादा मोडते. तुम्ही कच्चे आहात म्हणून नाही. मर्यादा ठरवता सकाळी, चहा पिताना, डोकं थंड असताना. ती पाळायची असते रात्री साडेअकराला, चारशे ऐंशी गेलेले असताना. ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यातून तुम्ही दोनला पैसे काढता आणि विमान तुमच्या डोळ्यांदेखत चौदापर्यंत चढत जातं. जिंकूनही गमावल्याची चुटपुट लागते. बाजूला दुसऱ्यांनी किती काढले त्याची यादी पळत असते. हरलेल्यांची नावं तिथे ठळक दिसत नाहीत. अशा वेळी रात्रीच्या माणसाला सकाळच्या माणसाचं वचन आठवत नाही, त्याला फक्त गेलेले पैसे दिसतात.

तेव्हा संयम रात्रीवर सोपवू नका. मामाने पाकीट मामीकडे दिलं, तसं तुमचं पाकीट तुम्ही कुठे देणार, हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी एक स्पष्ट करतो. 'जबाबदारीने खेळा' असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याची दोन कारणं. पहिलं, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण त्याचा अर्थ तुम्ही सुरक्षित आहात असा नाही. इंग्लंडमध्ये माणूस एकदा नाव नोंदवून परवानाधारक सगळ्या साइटींवरून स्वतःला बाहेर ठेवू शकतो. तुम्ही ज्या लिंकवर खेळता तिच्यामागे परवाना नाही, तक्रार ऐकणारं कोणी नाही. तिथलं 'मर्यादा ठेवा' हे बटण म्हणजे चोराने दिलेलं कुलूप. आणि जिंकलेले पैसे तुमच्या खात्यात कुणाच्या खात्यातून येतात, पाहिलंय कधी? ती बऱ्याचदा भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातलं एखादं सायबर पोलिसांच्या तपासात सापडलं की साखळीतली पुढची खातीही गोठतात. गेल्या पावसाळ्यात एक जण आला होता, खात्यात आले होते २,२०० रुपये आणि अडकला होता अख्खा पगार.

दुसरं कारण तुमच्याच पत्रात आहे. जुगाराची अडचण ओळखायला दोन प्रश्नांची एक साधी चाचणी जगभर वापरतात. अधिकाधिक पैसे लावावेसे वाटलेत का? जवळच्या माणसांशी किती खेळता याबद्दल खोटं बोलावं लागलंय का? एकाला जरी 'हो' असेल तर नीट तपासणी करून घ्यायची. तुमच्या दुसऱ्याचं उत्तर तुम्ही लिहूनच पाठवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या शेजारी बसलेला आहे, आणि ऑनलाइन जुगाराचा त्यात वेगळा उल्लेख आहे. या टप्प्यावरच्या माणसाला मोजून खेळायला सांगणं म्हणजे दारुड्याला मापाचा पेला आणून देणं.

मग करायचं काय? पहिलं काम पैशाचं, बाकी सगळं त्यानंतर. पगार ज्या खात्यात येतो त्या खात्याचं यूपीआय बंद करा. रोजच्या खर्चाला दुसरं खातं उघडा, त्यात आठवड्याचे पैसे टाका आणि यूपीआय तेवढ्यावरच ठेवा. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये दिवसाची मर्यादाही खाली आणता येते, ती पाचशेवर आणा. पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोकडे किंवा थोरल्या भावाकडे द्या. लाज वाटेल. वाटू द्या. झटपट कर्ज देणारी ॲप काढून टाका, नुसती ॲप नाही तर आतलं खातंही बंद करा. मी पाहतो तेव्हा खड्डा खेळाने जेवढा पडलेला असतो, तेवढाच त्या कर्जांनी रुंद केलेला असतो.

मोबाइलचं काम त्यामानाने सोपं आहे. बेटब्लॉकर नावाचं फुकट ॲप जुगाराच्या साइट अडवतं आणि एकदा मुदत घातली की मध्येच सहजासहजी काढता येत नाही. नव्या नव्या लिंक त्यातूनही निसटतात, म्हणून टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे ते ग्रुप सोडा. रात्री मोबाइल पुढच्या खोलीत चार्जिंगला. गाडी भरायला उशीर होतो, ड्रायव्हर येत नाही, तुम्ही बांधावर दोन तास नुसते बसलेले. तुमचा धोक्याचा दुसरा वेळ तोच असणार, मी पैज लावत नाही पण खात्री आहे. त्या वेळी हाताला काम द्या, नाहीतर मजुरांच्यात जाऊन बसा. ओढ आली की ती वीस-तीस मिनिटं चढते आणि उतरते. त्या वेळात तिच्याशी वाद घालत बसू नका. तेवढा वेळ पैसे आणि मोबाइल हातात नसले की पुरे.

मग स्टेटमेंट. बँकेतून वर्षभराचं छापून घ्या. मोबाइलवर पाहायचं नाही, कागदावरच. माझ्याकडे चोपड्याकडचा एक जण आला होता (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगतोय). म्हणाला, 'गेले असतील चाळीस एक हजार.' आम्ही पिवळा मार्कर घेऊन बसलो. ज्यांना पैसे गेले ती नावं कुठली तर कुठलं किराणा, कुठलं ट्रेडर्स, कुठली तरी बाई, प्रत्येक वेळी वेगळं. पाच पानांनंतर तो गप्प झाला. अकराव्या पानावर मार्कर त्याने माझ्या हातून घेतला आणि स्वतः रेषा मारायला लागला. गेलेल्यातून आलेले वजा केले तर २ लाख ८६ हजार. खोटं बोलत नव्हता तो. जिंकलेल्या रात्री तेवढ्या त्याला आठवत होत्या.

आता गाडीभाड्याचे पैसे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य ते आहे आणि ते तुम्ही 'पण परत ठेवले' म्हणून हलकं केलंत. परत ठेवता आले ते त्या दोन दिवशी नशीब होतं म्हणून. तिसऱ्या वेळी ठेवता आले नाहीत तर तो उसनवार राहत नाही, तो अपहार होतो. केळीच्या धंद्यात तोंडी विश्वासावर लाखांचे व्यवहार चालतात. एकदा नाव गेलं की रावेरपासून चोपड्यापर्यंत कोणी उभं करत नाही. मालकाला सगळी कहाणी सांगाच असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या मालकावर आहे. पण एवढं उद्याच सांगा, की रोख आणि भाड्याचं यूपीआय दुसऱ्याकडे द्या, मी नुसता हिशेब लिहीन. कारण विचारलं तर 'माझ्या हातून चूक होईल अशी भीती वाटते' हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे.

कर्ज असेल तर यादी करा, पण घरच्यांना एक सांगून ठेवा की पोराच्या हातात एकरकमी पैसे द्यायचे नाहीत. बाप मृगबागेचं, म्हणजे मृगात लावलेल्या केळीचं, पेमेंट आलं की काळजीपोटी लाखभर टाकतो खात्यात, 'फेड आणि मोकळा हो.' ते पैसे रात्रीत उडालेले मी पाहिलेत. द्यायचे तर ज्याचं देणं त्यालाच थेट, तेही हळूहळू.

आमच्यासारख्याकडे यायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जाता येतं. झोप उडाली असेल, 'संपवून टाकावं' असं मनात येत असेल, तर हे पत्र पुढे वाचू नका, आधी तो नंबर लावा. पैशाच्या खड्ड्यात हे विचार येतात, अनेकांना येतात, आणि त्यांवर उपचार आहेत. पैसे फसवणुकीत गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, जितक्या लवकर तितकं बरं.

राहिली बायको. ती माहेरून परत आल्यावर सांगायचं म्हणता. म्हणजे आठ-दहा दिवस तुम्ही घरात एकटे, मोबाइल आणि मोकळी रात्र. मला वाटतं तुम्हालाही ते कळतंय, म्हणूनच तारीख पुढे ढकलताय. ती जायच्या आधी सांगा. पण एसटीत बसायच्या आदल्या रात्री नाही. मग ती ते ओझं घेऊन माहेरी जाईल आणि तिथे बोलूही शकणार नाही. चार-पाच दिवस आधी, पोरं झोपल्यावर, हातात रेषा मारलेलं स्टेटमेंट घेऊन. आकडा पूर्ण सांगा. अर्धा सांगितला तर उरलेला अर्धा पुढे दुप्पट महाग पडतो. 'आता सोडलं' असं वचन देऊ नका, अशी वचनं तिने इतरांच्या तोंडून ऐकलेली असतात. एटीएम कार्ड तिच्यासमोर ठेवा. ती रडेल, भांडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. त्या दिवसांत तुम्ही भावाकडे झोपायला गेलात तरी चालेल, मोबाइल मात्र तिच्याकडे ठेवून जा. आणि ती आखाजीला निघाली की तिच्याबरोबर एसटीत बसून सोडायला जा. सासुरवाडीला कोणी घोंगडी टाकून बोलावलं तर सांगा, डॉक्टरांनी मनाई केली आहे. माझं नाव सांगितलं तरी हरकत नाही, मी डॉक्टर नाही एवढंच.